कोळंबी कोणाची

इक्बालशेठने फॅक्सचा कागद टेबलावरून माझ्यापुढे सरकवला, चष्मा काढून हातात धरला आणि विचारलं, "ही कोळंबी कोणाची?"

मी कागद वाचला. युरोपातल्या एका बंदरात आमचा कंटेनर अडवला होता. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने त्यातला एक खोका उघडून तपासला आणि त्यात बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला. तळ्यातली कोळंबी रोगाने मरू नये म्हणून काही जण चोरून खाद्यात मिसळतात, तसलं अँटिबायोटिक. अंश अगदी नखाएवढाही नव्हता, पण तिकडच्या कायद्याला थोडं आणि फार असा फरक मान्य नव्हता. खाली खोक्यावरची तारीख दिली होती आणि आमच्या ग्राहक कंपनीचा सवाल होता. हा माल कोणत्या तळ्यातला, आणि त्या तळ्याचा माल आणखी कोणकोणत्या खोक्यांत गेला, एवढं कळवा. तेवढे खोके बाजूला काढू, बाकीचा माल घेऊ.

"त्या दिवशी तीन तळ्यांची आली होती, शेठ," मी म्हटलं.

"ते मलाही ठाऊक आहे. या खोक्यात कोणाची?"

मी कागद पुन्हा वाचू लागले. वाचण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. मी तेव्हा रत्नागिरीकडे एका खाडीच्या काठी असलेल्या कोळंबीच्या कारखान्यात कामाला होते. शिक्षण मासळीच्याच विषयातलं, आणि आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणून घरचेही खूश होते. आलेली कोळंबी ताजी आहे ना, पाणी-बर्फ स्वच्छ आहे ना, गोठवण बरोबर होते ना, हे बघणं माझं काम. कारखाना इक्बालशेठ सोलकरांचा. बाप होड्यांचा धंदा करायचा, यांनी बर्फाचा कारखाना काढला आणि पुढे त्याचा हा पसारा केला. माणूस तोंडाने तिखट, पण सोलायला येणाऱ्या बायकांच्या अडीअडचणीला धावून जाणारा. खाडीच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांतून बायका यायच्या. खारवी, कोळी, मुसलमान, भंडारी, सगळ्या एका टेबलाला उभ्या राहून कोळंबी सोलायच्या आणि एकमेकींच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकायच्या.

कोळंबी कोणाची हे फाटकापर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं. टेंपो यायचा, वजन व्हायचं, तळेवाल्याच्या नावाने पावती फाटायची. त्यानंतर क्रेट आत आले की एकाच मोठ्या हौदात रिकामे व्हायचे. धुऊन झालं की डोकी काढायची, सोलायची, मग आकाराप्रमाणे वेगळी करायची. मोठी मोठीत, बारकी बारकीत. तिथून पुढे तिला फक्त आकार असायचा. ट्रेमध्ये पाणी घालून तिच्या लाद्या गोठवायच्या आणि लाद्या खोक्यात भरायच्या. खोक्यावर कारखान्याचा नंबर आणि तारीख. आसपासच्या सगळ्या कारखान्यांत हीच रीत होती. कोणी कधी हरकत घेतली नव्हती, कारण कोणी कधी असा प्रश्नच विचारला नव्हता.

त्या तारखेला एका पाठोपाठ तीन टेंपो आले होते. एक पलीकडच्या काठावरच्या सोसायटीचा. गावातल्या काही घरांनी मिळून खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, तळी केली होती, त्यांची ती सोसायटी. दुसरा टेंपो मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या तळ्यावरचा. व्यापारी कधी दिसायचा नाही, त्याचा मॅनेजर सगळं पाहायचा. आणि तिसरा टेंपो दत्तामामांचा.

दत्ताराम नाटेकर हे माझ्या आईचे चुलतभाऊ. सख्खा मामा नव्हता मला, त्यामुळे हेच मामा. उंच, काळेसावळे, बोलायला कमी. गिरणीतली नोकरी गेल्यावर मुंबई सोडून गावी आले आणि पडीक खाजणात बांध घालून त्यांनी एकट्याने तळं उभं केलं. आसपास कोळंबीचं तळं काढणारे ते पहिले. सोसायटीवाले त्यांच्याकडे बघूनच शिकले. भरतीचं पाणी कधी घ्यायचं, कधी सोडायचं, कोळंबी वर येऊन श्वास घ्यायला लागली की काय करायचं, हे सगळं मामांनी त्यांना हाताला धरून दाखवलं होतं.

शेठनी ग्राहकाला कळवलं, की त्या दिवशीच्या मालात तीन तळ्यांची कोळंबी एकत्र आहे, वेगळी सांगता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी उलट निरोप आला. असं असेल तर तुमच्या कुठल्याच खोक्यावर विश्वास ठेवता येत नाही. जो कंटेनर बंदरात आहे तो परत न्या किंवा तिथेच जाळा. जे समुद्रात आहेत ते उतरवून घेणार नाही. आमच्या शीतगृहात छतापर्यंत माल रचलेला होता, त्यालाही कोणी हात लावणार नव्हतं. कारखान्याचं नाव तिकडच्या एका यादीत चढलं, आणि त्या यादीतलं नाव बघून बाकीच्या देशांतले ग्राहकही थांबले.

"एका तळ्याचा माल," शेठ म्हणाले. "एका तळ्याचा, प्रमिला. बाकी सगळं चोख आहे आणि मला ते कोणाला दाखवता येत नाही."

आठवडाभर आम्ही वाट बघितली. मग शेठ स्वतः सोलण्याच्या दालनात आले आणि बायकांना म्हणाले की उद्यापासून येऊ नका, बोलावीन तेव्हा या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण बोलून झाल्यावर ते तिथेच उभे राहिले, कुठे जायचं ते विसरल्यासारखे. बायकांनी टेबलं धुतली, सुऱ्या धुऊन ठेवल्या, रबरी बूट रांगेत लावले. त्यांची पुढारी गुलाबबाई पावसकर. नवरा बोटीवरून पडून गेलेला, दोन मुली आणि सासू यांचं घर तिच्या दोन हातांवर. ती जाताना माझ्यापाशी थांबली. तिने शेठनी विचारलेलाच प्रश्न विचारला.

"कोणाची होती गो?"

मी म्हटलं, कळायला मार्ग नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं मी लपवते आहे. मामा माझे नातेवाईक आहेत हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं?

पुढचे दिवस मी तो प्रश्न घेऊन फिरत होते. मुंबईवाल्या व्यापाऱ्याच्या मॅनेजरने सांगितलं की आमच्याकडे औषधं वापरत नाहीत, आणि पंधरवड्याच्या आत तळं बंद करून तो निघून गेला. त्याचा पत्ताही कोणाकडे नव्हता. सोसायटीचे लोक म्हणाले, आम्ही इतकी घरं मिळून काम करतो, कोणी काही घातलं असतं तर दुसऱ्याला दिसलं नसतं का? ते खरंही वाटत होतं. राहिले मामा. एकटा माणूस, एकटं तळं, आणि त्या हंगामात त्यांच्या तळ्यात थोडी मर आली होती, कोळंबी मरून तरंगत होती, हे सगळ्यांना माहीत. शिवाय सोसायटीतल्या एकाने त्यांना संध्याकाळच्या वेळी पिंपातून काहीतरी काढून पाण्यात ओतताना बघितलं होतं.

ते आंबवलेलं गुळाचं पाणी आणि भाताचा कोंडा होता. पाण्याला जीव यावा म्हणून तळ्यात तसं सोडतात. मला ते ठाऊक होतं, सोसायटीवाल्यांनाही ठाऊक होतं, त्यांना ते मामांनीच शिकवलं होतं. पण बोलणाऱ्याने 'पिंप' एवढंच सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी त्यात हवं ते भरलं.

मामा एका सकाळी कारखान्यावर आले. काम बंद, त्यामुळे आवारात कोणी नव्हतं. शीतगृहाची मोटर तेवढी घरघरत होती. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, जसा तालुक्याला जाताना घालायचे.

"मला तो माल दाखव," ते म्हणाले. "त्याच दिवसाचा आहे ना थोडा आत?"

होता. त्या तारखेचे काही खोके कंटेनरमध्ये न मावल्याने मागे राहिले होते.

"बघून काय करणार, मामा?"

"मी माझी कोळंबी ओळखतो."

मी त्यांना शेठचा जाडा कोट दिला, टोपी दिली, आणि आत नेलं. शीतगृहात दोन माणसं बोलली तरी आवाज त्यांच्या तोंडाशीच गोठतो. मी खोका फोडला, प्लास्टिक फाडलं आणि एक लादी त्यांच्या हातात दिली. काचेसारखा बर्फ आणि त्यात एकमेकींना चिकटून गोलाकार वळलेल्या सोललेल्या कोळंब्या. मामांनी ती लादी दिव्याखाली धरली. उलटी केली. बोटाने बर्फ पुसला. परत उलटी केली.

त्यांच्या कोळंबीचा रंग जरा निळसर असायचा, हे खरं होतं. त्यांच्या तळ्याला वरून गोड्या पाण्याचा एक झरा लागायचा, म्हणून. पण तो रंग कवचाचा. कवच तर सोलण्याच्या टेबलावरच गळून गेलं होतं.

"ही..." ते म्हणाले आणि थांबले. मग दुसरी लादी मागितली. मी दिली. मग तिसरी. त्यांची बोटं पांढरी पडली तरी ते लादी सोडेनात. मी त्यांना बाहेर चला म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. चौथ्या लादीवर त्यांनी एका कोळंबीवर बोट ठेवून म्हटलं, "ही माझी वाटते." मग तिच्या शेजारच्या कोळंबीवर बोट गेलं, आणि ते तिथेच अडलं.

मी ज्या माणसाला खाडीचा वास घेऊन भरती किती वर येणार ते सांगताना बघितलं होतं, तो माणूस स्वतः वाढवलेली कोळंबी हातात घेऊन उभा होता आणि त्याला ती ओळखता येत नव्हती. यात त्यांची काय चूक? सोललेली कोळंबी मला ओळखता आली नसती, तिच्या आईला ओळखता आली नसती. आम्हीच तिच्या अंगावर ओळखीचं काही ठेवलं नव्हतं.

बाहेर आल्यावर उन्हात उभं राहून त्यांनी हात चोळले. मग मला म्हणाले, "तू तिथे होतीस त्या दिवशी. माझे क्रेट आधी रिकामे केले की नंतर? कुठल्या बाजूला ओतले?"

मला आठवत होतं ते एवढंच, की बर्फ कमी पडला होता, सगळ्यांची घाई चालली होती, आणि हौद भरून वाहत होता. मी तसं सांगितलं.

"काहीतरी आठव."

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. इतका, की पुढे कित्येक महिने माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे क्रेट कधी पहिले ओतले जायचे, कधी शेवटचे, आणि त्यातलं खरं कोणतं ते मलाच कळेनासं झालं.

मी शक्य होतं ते केलं. त्यांच्या तळ्यातला माल निघून गेलेला, पाणी सोडून तळं वाळवलेलं. तपासायला त्यांची अशी वेगळी कोळंबी नव्हती, म्हणून मी तळाचा गाळ बरणीत भरून केरळातल्या एका प्रयोगशाळेला पाठवला. काही सापडलं नाही असं उत्तर आलं. तो कागद मी शेठना दाखवला, सोसायटीच्या चेअरमनना दाखवला. चेअरमन वाईट माणूस नव्हते. त्यांनी नीट वाचला आणि म्हणाले, "बाई, इतक्या दिवसांनी, उन्हात तडे गेलेल्या मातीत काय राहणार?" तेही चूक नव्हतं.

शेवटी गावाने देवळात बैठक बोलावली. मी गेले नव्हते, आईने सांगितलं. मामा ग्रामदेवतेसमोर उभे राहिले आणि नारळावर हात ठेवून म्हणाले की मी माझ्या तळ्यात औषध घातलेलं नाही, माझ्या माहितीत कोणी घातलेलं नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. मग कोणीतरी सोसायटीवाल्यांना विचारलं, तुम्ही? तर ते म्हणाले की आम्ही बरीच माणसं, कोणाकोणाला उभं करणार. ते खरं बोलत असतील तरी आणि खोटं बोलत असतील तरी त्यांना दुसरं काय म्हणता आलं असतं, मला माहीत नाही.

मागे बायकांमध्ये गुलाबबाई बसली होती. ती उठून म्हणाली, "शपथ खरी असेल तुमची. शपथेने कारखाना सुरू होतो काय?"

बैठक तिथेच मोडली.

कारखाना सुरू झाला नाही. शेठनी वर्षभर तग धरला, मग शीतगृह दुसऱ्या कोणाला आंबे ठेवायला दिलं, आणि पुढे तेही बंद पडलं. गुलाबबाई मुलींना सासूपाशी ठेवून गोव्यात एका हॉटेलात भांडी घासायला गेली. धाकटी मुलगी त्या वर्षी शाळेतून निघाली ती परत गेली नाही. असं घराघरांत झालं. मामांना कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त पुढच्या हंगामात त्यांच्या तळ्यावर जाळं ओढायला माणूस मिळाला नाही. सोसायटीने तर कोळंबीच सोडली. मामांनी एकट्याने थोडं बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडून पाहिलं, पण माल घ्यायला टेंपो कोण आणणार? एका उधाणात बांधाला खिंड पडली. ती त्यांनी बुजवली नाही. खाजण पुन्हा खाडीत गेलं.

मी गुजरातच्या किनाऱ्यावर एका कारखान्यात नोकरी धरली आणि तिथेच राहिले. लग्न झालं, मुलगा झाला. सुरुवातीला तिथेही हौद, टेबल, खोका हीच तऱ्हा. मग हळूहळू सगळं बदललं. तळ्याच्या काठावरच क्रेटला पट्टी लागायला लागली, दुकानातल्या साबणावर असतात तशा काळ्या रेघांची. क्रेट फाटकात आला की बंदुकीसारखं यंत्र त्या पट्टीवर धरायचं, टिक असा आवाज होतो. हौदात एका वेळी एकाच तळ्याचा माल. सोलायच्या टेबलावर टिक, ट्रेवर टिक, खोक्यावर टिक. खोका कंटेनरमध्ये चढायच्या आधी त्याची सगळी कुळकथा, कुठलं तळं, कुठलं बी, कुठलं खाद्य, ग्राहकाच्या संगणकावर आपोआप पोचलेली असते. कागद नाही, फॅक्स नाही, कोणी कोणाला फोन करून विचारायचं नाही. नवीन मुलं या कामाला कंटाळतात. मी त्यांच्यावर ओरडते. त्यांना वाटतं बाई खडूस आहे.

अलीकडेच आमच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत एका लादीत तोच अंश सापडला. तेच औषध. चाचणी करणारी मुलगी धावत माझ्याकडे आली. मी तिला संगणकात खोक्याचा नंबर घालायला सांगितला. पडद्यावर तळं आलं, मालकाचं नाव आलं, त्या तळ्याच्या मालाचे सगळे खोके कुठल्या रांगेत आहेत ते आलं. त्यांनी घेतलेल्या खाद्याच्या पोत्यांचा नंबरही आला. संशय खाद्यावर होता, आणि पुढे तपासल्यावर दोष त्यातच निघाला. तेच खाद्य आणखी एका तळ्यावर गेलं होतं, त्यांना लगेच कळवून पोती उघडू नका म्हणून सांगितलं. दुपारचं जेवण व्हायच्या आधी सगळे खोके बाजूला निघाले. संध्याकाळी कंटेनर रोजच्यासारखा बंदराकडे गेला. सोलणाऱ्या बायका रोजच्यासारख्या घरी गेल्या.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी गावी आले, तेव्हा मुद्दाम मामांकडे गेले. आता वय झालंय त्यांचं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण दिसतं. ओट्यावर बसून ते सुतळीचं काहीतरी विणत होते. मी त्यांना ते सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत आम्ही तो विषय काढला नव्हता. मला वाटलं होतं ते थांबवतील, पण ते विणायचं ठेवून ऐकू लागले आणि एकेक बारकं बारकं विचारू लागले. पट्टी भिजत नाही काय? खाऱ्या पाण्यात टिकते? सोलल्यावर कशी लावता? मी सांगितलं की कोळंबीला नाही, ट्रेला लावतो, आणि एका ट्रेत दुसरीकडची पडू देत नाही. त्यांनी मान हलवली. ते त्यांना पटलं.

मग त्यांनी विचारलं, "आणि दोष खाद्यात निघाला?"

"हो."

"तळेवाल्याला माहीत होतं?"

"नाही. त्याने बिचाऱ्याने सील असलेली पोती घेतली होती."

मामांनी सुतळीचं टोक हातात घेतलं. मग म्हणाले, "मीही सील असलेलीच घेतली होती."

मला आधी समजलंच नाही ते काय म्हणताहेत.

"मर आली तेव्हा एक माणूस आला होता खाद्य विकायला," ते म्हणाले. "चांगलं खाद्य आहे, मर थांबेल म्हणाला. खरंच थांबली. सोसायटीनेही त्याच्याकडूनच घेतलं. मुंबईवाल्यांचं माहीत नाही. तेव्हा काही वाटलं नाही मला. नंतर, खूप नंतर, एकदा डोक्यात आलं की मर कशी काय थांबली? त्या माणसाला शोधायला चिपळूणपर्यंत गेलो. कोणाला ठाऊक नाही." त्यांनी सुतळी बोटाला गुंडाळली आणि सोडली. "मी शपथ खाल्ली ती खरी होती. मी काही घातलं नव्हतं. पण कोळंबी माझी नव्हती असं काय नाय सांगता येत. कधी वाटतं सोसायटीची असेल. कधी वाटतं माझीच. गुलाबबाई परवा भेटली बाजारात, तोंड फिरवून गेली. आधी राग यायचा मला. आता वाटतं, कोण जाणे, तिचं बरोबरही असेल."

"मामा, तुमची नव्हती," मी म्हटलं.

"तुला ठाऊक आहे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तुमच्या त्या यंत्रात मागचं बघता येत नाही काय? त्या वर्षीचं?"

"नाही, मामा. तेव्हा काही लावलंच नव्हतं तर आता कुठून येणार?"

"हां," ते म्हणाले. "ते पण खरं."

मामी बाहेर येऊन कोकम सरबताचे पेले ठेवून गेली. आम्ही दोघांनी ते घेतले. रस्त्यावरून शाळेच्या सुट्टीला आलेली मुंबईची पोरं आरडाओरडा करत गेली. मामांनी पेला खाली ठेवला.

"तुमच्या गुजरातच्या कारखान्यात त्या दिवशी आणखी तळ्यांचा माल होता ना? ज्यांची नव्हती त्यांचा?"

"होता. बऱ्याच जणांचा."

"त्यांना काय सांगितलंस?"

"काही नाही. काय सांगायचं? त्यांचा माल रोजच्यासारखा बंदराकडे गेला. असं काही झालं हे त्यांना कळलंच नाही."

मामांनी माझ्याकडे मान वळवली. जणू मी काही न पटणारं बोलले होते.

"कळलंच नाही?"

"नाही."

"कोणाची म्हणून कोणी विचारायला आलं नाही त्यांना?"

"नाही, मामा."

ते थोडे मागे सरकून भिंतीला टेकले. ओठ हलत होते. मला वाटलं मला काही सांगताहेत, म्हणून मी वाकले. ते आपल्याशीच बोलत होते. कळलंच नाही त्यांना, असं हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.